हा तिचा कोण लागतो?

त्या मुलीला घरच्या ड्रायव्हरने आणून सोडलं. सोडलं म्हणजे खरोखरच सोडलं. व्हीलचेअर इमर्जन्सीच्या दाराशी लावली, काउंटरवर एक नाव सांगितलं, गाडी चुकीच्या जागी उभी आहे म्हणाला आणि गेला. परत आला नाही.

अपेंडिक्स फुटलेलं होतं. ऑपरेशन करणारे सर्जन बाहेर येऊन हातमोजे काढता काढता म्हणाले, "एवढं होईपर्यंत ही उभी कशी होती?" कुवेतमध्ये नर्स म्हणून इतकी वर्षं काढल्यावर त्या प्रश्नाचं उत्तर मला पाठ आहे. उभी होती, कारण बसू दिलं नसणार. पोट दुखतंय म्हटल्यावर कुणीतरी पॅनाडोलची गोळी दिली असणार आणि भांडी दाखवली असणार.

मी सिंधुदुर्गातली. नवरा मीना अल-अहमदीच्या बाजूला पाइपिंगच्या कामावर सुपरवायझर, मी फहाहीलमधल्या एका खासगी रुग्णालयात, महिला वॉर्डमध्ये. आमच्याकडे निम्म्याहून जास्त नर्सेस केरळच्या. मराठी मी एकटी. आणि वर प्रशासनात एक पुण्याचे साहेब होते, त्यांच्याबद्दल पुढे सांगेन. त्यांच्याबद्दल सांगायचं म्हणूनच हे लिहायला बसले आहे, असं म्हटलं तरी चालेल.

मुलगी शुद्धीवर आली, पण बोलेना. ड्रायव्हरने सांगितलेल्या नावाने मी हाक मारायची आणि ती छताकडे बघत राहायची. मला वाटलं गुंगी असेल. मग वाटलं कानाला काही असेल. शेवटी घरमालकाच्या मुलाने फोनवरून तिच्या ओळखपत्राचा फोटो पाठवला, तेव्हा कळलं की ते नाव तिचं नव्हतंच. त्या घरात आधी दुसऱ्या देशातली एक बाई कामाला होती, तिचं ते नाव. बाई गेली, नवीन आली, नाव तेच ठेवलं. घरातल्यांच्या तोंडात बसलेलं होतं ना. नवीन नाव शिकायचे कष्ट कोण घेणार?

ओळखपत्रावर केनिया असं होतं, पहिलं नाव होतं आणि मागे बापाचं नाव. मी पहिल्या नावाने हाक मारली. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. तेवढंच. जेवण मात्र तसंच परत जायचं.

तापात ती काहीतरी पुटपुटायची. आमच्याकडे सफाईला केनियाची एक बाई होती, तिला मी बोलावलं. तिने ऐकलं आणि म्हणाली, "ही स्वाहिली नाही सिस्टर. हे डोंगरातल्या लोकांचं. खाली मेन गेटवर जो उंच गार्ड आहे ना, तो त्यांच्यातला."

तो गार्ड मला माहीत होता. सगळ्यांनाच माहीत होता, कारण त्याचं तोंड कधी बंद नसायचं. फुटबॉलवर कुणाशीही हुज्जत घालायचा. गावाकडे शिक्षकाची पदविका घेतलेली, तिकडे नोकरी मिळाली नाही म्हणून इथे गणवेश चढवलेला, आणि हे तो पहिल्या भेटीतच सांगायचा. मला तर त्याचा थोडा कंटाळाच यायचा. मी ड्युटीवर येताना सांधेदुखीची औषधं विचारायचा, आईसाठी. तर त्याला मी त्याच्या जेवणाच्या सुट्टीत वर घेऊन आले.

तो पडद्याच्या बाहेरच थांबला. तिथूनच त्याने त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. आत शांतता. त्याने पुन्हा काहीतरी विचारलं, जरा लहान वाक्य. आतून एक शब्द आला. त्या मुलीचा स्पष्ट आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो तेव्हा.

गार्डने टोपी काढली, हातात धरली आणि तो दोन पावलं मागे सरकला. मी विचारलं, "काय झालं? काय म्हणाली?"

"सिस्टर, ही माझी बहीण आहे."

"तू ओळखतोस हिला?"

"नाही. आजच भेटतोय. हिचं गावसुद्धा माझ्या गावापासून खूप लांब आहे."

मग त्याने मला समजावून सांगितलं. तो किप्सिगिस, केनियाच्या पश्चिमेकडच्या चहाच्या डोंगरांतला. त्यांच्यात प्रत्येक माणूस एखाद्या 'ओरेत'चा असतो. ओरेत म्हणजे कूळ, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ वाट. एका वाटेने आलेली माणसं. प्रत्येक कुळाचा एक प्राणी असतो, कुणाचा हत्ती, कुणाचा सिंह. ह्या दोघांची मधमाशी. त्याने आधी तिचं गाव विचारलं होतं, त्याला उत्तर आलं नाही. मग कूळ विचारलं. तिने मधमाशीच्या कुळाचं नाव सांगितलं, आणि संपलं. ती त्याची बहीण झाली. झाली म्हणजे होतीच. फक्त दोघांना माहीत नव्हतं.

"आमच्या पासपोर्टवर हे नसतं," तो म्हणाला. "तिथे बापाचं नाव असतं. कुळाचं नाव विचारल्याशिवाय कळत नाही. म्हणून आम्ही विचारतो."

मला आणखी काही समजावून सांगायची गरजच नव्हती. आमचं देवक कळंब. आमच्या घरात कळंबाची काठी चुलीत जात नाही. एकदा वखारीतून लाकडं आली, त्यात कळंब निघाला, तर काकांनी अख्खी बैलगाडी परत पाठवली होती आणि वखारवाल्याशी भांडले होते. लग्नात देवक बसवतात तेव्हा त्याची डहाळी लागते. आणि ज्याचं देवक कळंब, त्याच्याशी आमच्या मुलीचं लग्न होत नाही, मग तो मुलगा कितीही लांबचा असो, कितीही शिकलेला असो. का नाही? कारण तो भाऊ. लहानपणी आम्हाला हे कुणी समजावून सांगितलं नाही, आंघोळ का करायची हे जसं सांगत नाहीत तसं.

मी हे त्याला सांगितलं. त्याला भारी आनंद झाला. "झाड?" तो म्हणाला. "तुमचं झाड आहे?" मग त्याच्या स्वभावाप्रमाणे त्याने स्वतःचं सगळंच सांगून टाकलं. कॉलेजात एक मुलगी होती. दोन वर्षं दोघं बरोबर. पहिल्यांदा तिच्या घरी चहाला गेला, आईने कूळ विचारलं, त्याने सांगितलं, आईने कप खाली ठेवला.

"मग?"

"मग काय. ती माझी बहीण निघाली. मी वर्षभर सगळ्यांवर चिडलो होतो. देवावर, आईवर, मधमाश्यांवर. मग तिच्या लग्नात मी तिच्या बाजूच्या माणसांत बसलो. गाणी म्हटली."

"राग गेला?"

"नाही गेला. पण बसलो तरी."

मुलीला मात्र हा भाऊ नको होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ड्रेसिंग करत होते, तर ती एकदम इंग्रजीत म्हणाली, "त्याला सांगा, मला भावाची गरज नाही. मला इथे पाठवायचं ठरवायला भाऊच बसले होते. काका बसले होते. सगळे बसले होते." तिला इंग्रजी चांगलं येत होतं. इतके दिवस ती बोलत नव्हती, कारण तिला बोलायचं नव्हतं. मला तिचा तो राग आवडला. म्हटलं, ही जगणार.

मी निरोप दिला. गार्ड म्हणाला, "ठीक आहे. तिला नको असेल तर नको. पण मला आहे." आणि संध्याकाळी डबा घेऊन आला. खैतानमधल्या कुठल्याशा दुकानातून मक्याचं पीठ आणून खोलीवर शिजवलं होतं, घट्ट गोळ्यासारखं. बरोबर जमियातून, म्हणजे इथल्या सहकारी दुकानातून, घेतलेलं ताक. त्यांच्याकडे दूध भोपळ्यात आंबवतात, आत एका झाडाचा कोळसा घासून. इथे भोपळा कुठला आणि ते झाड कुठलं. त्याने ताकात कसला तरी कोळसा उगाळला होता. मी म्हटलं, अरे, ऑपरेशन झालेलं पोट आहे, हे मी तिला देणार नाही. तो ओशाळला. पण पडद्याआड त्या मुलीने विचारलं, "त्यात काय घातलंय?" त्याने सांगितलं. आणि ती हसली. टाक्यांवर हात दाबून हसली. मग मक्याचा गोळा डॉक्टरांना विचारून थोडा दिला, तो तिने खाल्ला.

तिथून पुढे तो रोज यायचा. सुट्टीत, गणवेशात. पडद्याच्या आत त्याने एकदाही पाय ठेवला नाही. खुर्ची पडद्याकडे पाठ करून ठेवायचा आणि भिंतीकडे बघत बोलायचा. मी एकदा म्हटलं, ती नीट पांघरून बसली आहे, आत ये. म्हणाला, "बहीण आजारी असताना तिच्याकडे बघत बसायचं नसतं." आतून ती उत्तरं द्यायची, कधी चिडून, कधी लांबलचक. पोरीच्या अंगात जीव येत होता. वॉर्डातल्या बाकीच्या बायकासुद्धा त्या आवाजाची वाट बघायच्या.

मग एका दुपारी घरमालकाचा मुलगा आला. फुलं नाहीत, फळं नाहीत. त्याला एवढंच विचारायचं होतं की ती कामावर कधी परत येऊ शकेल, कारण घरी आईचे हाल होतात. मी म्हटलं, जड उचलायचं नाही, बरेच आठवडे. त्याने मान हलवली आणि त्याची नजर पडद्याबाहेर बसलेल्या गार्डकडे गेली.

"हा कोण?"

"तिचा भाऊ."

"तिचा भाऊ इथे नाही. एजन्सीने सांगितलंय, तिचं इथे कुणी नाही."

तो खाली गेला. आणि दुसऱ्या दिवशी मला प्रशासनाच्या केबिनमध्ये बोलावणं आलं.

आता पुण्याचे साहेब. वयाने माझ्याहून मोठे, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. इथल्या आमच्या मराठी लोकांच्या वधू-वर गटाचं काम तेच बघायचे. फहाहीलला कुणी नवीन मराठी कुटुंब आलं की त्यांचा पहिला प्रश्न, "आडनाव काय?" दुसरा प्रश्न, "म्हणजे कुठले?" आणि तिसऱ्या प्रश्नापर्यंत माणसाला कळायचं की हे जात शोधतायत. गटावर कुणाचं स्थळ टाकायचं तर कुळी, देवक, गोत्र लिहिल्याशिवाय ते पुढे सरकवायचे नाहीत. त्याच वर्षी त्यांनी स्वतःच्या पुतणीचं जवळजवळ ठरलेलं लग्न मोडलं होतं. मुलगा अबुधाबीला इंजिनिअर, सगळं पसंत, पण देवक एकच निघालं. हे त्यांनीच सगळ्यांना सांगितलं होतं, जरा अभिमानाने.

"बसा सिस्टर," ते म्हणाले. "तो गार्ड. तो त्या मेडला रोज भेटतो म्हणे."

"हो. डबा आणतो."

"हा तिचा कोण लागतो?"

"भाऊ."

"सख्खा?"

"कुळाचा. त्यांच्यात एका कुळातले सगळे भाऊबहीण."

ते हसले. मोठ्याने नाही, नाकातून. "त्या लोकांच्यात काहीही असतं हो. दोघांची शेवटची नावं बघितलीत? जुळत नाहीत. एक बिनलग्नाचा पुरुष, एक बिनलग्नाची बाई, रोज भेटतात. तिच्या कफीलची, त्या घरमालकाची, तक्रार आलीये. आणि तक्रारीत काय लिहिलंय माहितेय?"

त्यांनी सांगितलं. मी तो शब्द इथे लिहिणार नाही. पुरुष आणि बाई ह्यांच्याबद्दल जो लिहितात तो.

माझ्या कानशिलात रक्त चढलं. नुसता घाणेरडा आरोप असता तर मी ऐकून घेतला असता, असे आरोप इथे धुळीसारखे उडत असतात. पण जगातल्या सगळ्या बायका सोडून ज्या एका बाईबद्दल त्या माणसाच्या मनात ते येणं शक्य नव्हतं, तिच्यावरून हा आरोप होता. कुळाचं नाव ऐकलं त्या क्षणी तो दोन पावलं मागे सरकला होता. मी बघितलं होतं.

मी म्हटलं, "साहेब, तुम्ही पुतणीचं स्थळ का मोडलंत?"

"तो विषय इथे कुठे आला?"

"मोडलंत ना? का?"

"देवक एक होतं. तुम्हाला माहिती आहे."

"तो मुलगा तुमचा सख्खा लागत होता का? आडनाव तरी एक होतं का?"

"सिस्टर, ते आपलं आहे. त्याला परंपरा आहे, शास्त्र आहे."

"आणि ह्यांचं?"

"ह्यांचं काय, प्राण्यांची नावं."

"आपल्यातही काहींचं देवक मोराचं पीस असतं. आमचं झाड आहे. त्यांची मधमाशी आहे. त्यात तुम्हाला हसण्यासारखं काय वाटलं?"

त्यांचा चेहरा बदलला. मऊ आवाज गेला. "हे बघा, तुम्ही वॉर्ड सांभाळा. इथे नात्याचा पुरावा लागतो. कागदावर असेल ते नातं. उद्या बाहेर बोभाटा झाला तर रुग्णालयाचं नाव जाईल, आणि तुमचंही त्यात येईल."

"मग कागदावर तुमच्या पुतणीचा आणि त्या मुलाचाही काही संबंध नव्हता. लावून टाकायचं होतं लग्न."

त्यांनी मला जायला सांगितलं. मी गेले, पण दार आपटलं. नोकरीत पहिल्यांदाच.

गार्डला दुसऱ्या दिवसापासून गेटवर बघितलं नाही. त्याच्या कंपनीने त्याला मीना अल-अहमदीच्या पलीकडे एका पाइप-यार्डात नेऊन टाकलं होतं. उघडं वाळवंट, पत्र्याची केबिन, उन्हात तापलेले पाइप आणि कुत्री.

घरी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. सांगताना भात करपवला. नवरा म्हणाला, "तू कित्याक पडतंस त्यात? तुझी नोकरी गेली म्हणजे?" मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. आमची मुलगी, ती इंग्रजीतच बोलते, तिने विचारलं की आई कोणावर चिडली आहे. नवरा म्हणाला, "आख्ख्या कुवेतवर." चूक. मी एका माणसावर चिडले होते. तो माझ्याच भाषेत बोलत होता, माझ्यासारखाच वाढला होता, त्याला सगळं समजत होतं आणि तरी तो हसला होता. घरमालकाच्या मुलाला देवक म्हणजे काय ते माहीत नव्हतं. ह्यांना माहीत होतं.

दोन दिवसांनी नवराच आपणहून बोलला. कामावरून आला, बूट काढता काढता म्हणाला, "तो गार्ड माका यार्डात भेटलो. तुझी चौकशी करी होतो. लय बडबडता गो तो." मग म्हणाला, "मी त्याका पाण्याचो कॅन दिलंय." नवऱ्याची माफी मागायची पद्धत ही.

गार्ड यार्डात नुसता बसला नव्हता. फोन त्याच्याकडे होता आणि तोंड होतंच. त्या शुक्रवारी, भेटीच्या वेळेला, आमच्या तळमजल्याच्या काउंटरवर बायका आल्या. एक खैतानच्या सलूनमध्ये काम करणारी, एक कुणाच्या घरी मुलं सांभाळणारी, एक शाळेच्या बसवरची, आणखी काही. चांगले कपडे घालून आल्या होत्या, इथे शुक्रवारी चर्चला जातात तसे. कुणाच्या हातात सफरचंदं, कुणाच्या हातात डबा. काउंटरवरच्या मुलाने पहिलीला विचारलं, पेशंटची कोण. ती म्हणाली, बहीण. ओळखपत्र बघितलं, नाव वेगळं. दुसरीला विचारलं. बहीण. नाव वेगळं. तिसरीला विचारेपर्यंत त्याचा आवाज चढला होता. तीही बहीणच होती.

त्याने साहेबांना फोन लावला. सुट्टीच्या दिवशी साहेब आले. मीही खाली गेले होते.

"काय चाललंय हे?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. "एवढ्या बहिणी?"

सलूनवाली, बाई अंगाने भरदार, शांतपणे म्हणाली, "सर, ह्याहून जास्त आहेत. बाकीच्यांना आज सुट्टी मिळाली नाही."

"नावं जुळल्याशिवाय वर सोडता येणार नाही."

"आमच्या बापांची नावं वेगळी आहेत. बाप वेगळे आहेत."

"मग बहिणी कशा?"

तिने कुळाचं नाव सांगितलं. मागच्या बायकांनी मान डोलावली. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, जणू हे मीच घडवून आणलं होतं. तसं नव्हतं. पण पुढचं मी केलं. मी लिफ्टने वर गेले. डॉक्टरांनी मुलीला रोज चालायला सांगितलं होतं, वॉर्डाच्या बाहेर नेलं तरी चालेल असंही म्हटलं होतं. मी तिला गाऊनवर शाल दिली, सलाईनचा स्टँड हातात दिला आणि खाली लॉबीत आणलं. वॉर्डात भेटायला नातं लागतं. लॉबीत कुणीही बसू शकतं, तिथे कॉफीचं दुकान आहे.

ती लिफ्टमधून बाहेर आली आणि तिला त्या बायका दिसल्या. एकीलाही ती ओळखत नव्हती. सलूनवाली पुढे आली, दोन्ही हातांनी तिचे हात धरले, काहीतरी म्हणाली. मुलगी तिथेच उभी राहून रडायला लागली. इतके दिवस पोट फाटलेलं असताना जी रडली नव्हती, ती. बायकांनी तिला मध्ये घेतलं. कुणी केस बघितले, कुणी तिच्या हाताला क्रीम लावलं. डबे उघडले. साहेब लिफ्टपाशी उभे राहून बघत होते, आणि त्यांना करण्यासारखं काहीच नव्हतं.

मला त्याबद्दल लेखी समज मिळाली. पेशंटला विनापरवानगी हलवल्याबद्दल. मी सही केली नाही. सर्जन मल्याळी होते, ते म्हणाले परवानगी माझी होती, आणि तो विषय तिथे थांबला.

डिस्चार्जच्या दिवशी घरमालकाचा मुलगा न्यायला आला. मुलगी स्वतःच्या कपड्यांत, खुर्चीत बसली होती. त्याने त्या जुन्या, दुसऱ्या बाईच्या नावाने हाक मारली. "चल."

ती म्हणाली, "ते माझं नाव नाही. आणि मी येणार नाही."

त्याला आधी समजलंच नाही. मग त्याने पासपोर्ट आपल्याकडे असल्याचं सांगितलं, पोलिसांचं सांगितलं. ती पुन्हा तेच म्हणाली, त्याच आवाजात. सलूनवाली आणि बसवाली तिच्या दोन बाजूंना उभ्या होत्या. त्या तिला टॅक्सीने थेट तिच्या वकिलातीत घेऊन गेल्या. त्याने खाली येऊन पळून गेल्याची तक्रार टाकली, ती अजून तिच्या नावावर आहे. इथे परत तिला कधी येता येणार नाही. म्हणजे आजारी पडू दिलं त्यांनी, नाव काढून घेतलं त्यांनी, आणि पळाली ती. वकिलातीच्या निवाऱ्यात ती बरेच महिने राहिली. मग गेली. विमानतळावर तिला घ्यायला जी माणसं आली, त्यात गार्डचे दोन चुलते होते. तिला इथे पाठवणारे तिचे सख्खे काकासुद्धा होते. ती त्यांच्याशी बोलली नाही, असं गार्डने सांगितलं.

आता ती चहाच्या फॅक्टरीत वजनकाट्यावर आहे. मला अधूनमधून आवाजी निरोप पाठवते. मागच्या वेळी सांगितलं की लग्नाचं चाललंय, मुलगा हत्तीच्या कुळाचा. मी विचारलं, तुला पसंत आहे का, तर म्हणाली, "मला आहे. भावांना विचारायचं बाकी आहे, पण ह्या वेळी मी आधी ठरवलंय, मग ते बसणार आहेत."

गार्डचं कंत्राट पुन्हा झालं नाही. जायच्या आधी तो आमच्याकडे जेवायला आला. नवऱ्याने स्वतः बाजारातून सुरमई आणली. तो मिरचीने घामाघूम झाला तरी खात राहिला आणि बोलत राहिला, फुटबॉल, आई, शिक्षकाची नोकरी आता मिळेल का. नवरा भांडी ठेवायला आत गेला तेव्हा त्याने आतल्या दाराकडे एकदा बघितलं. मग म्हणाला, "सिस्टर, तिला तो शब्द माहीत आहे का?"

"कुठला?"

"तक्रारीतला. कंपनीने मला वाचून दाखवला."

"नाही. मी सांगितला नाही."

"नका सांगू. आमच्यात तसं झालं तर घरच्यांना फार मोठी शुद्धी करावी लागते. नुसतं कुणी बोललं तरी लोक विचार करतात. यार्डात गेलो त्याचं मला काही नाही. ऊन आमच्याकडेही असतं. पण ज्याने तक्रार लिहिली त्याने तो शब्द माझ्या आणि तिच्यामध्ये ठेवला. आता तिचा फोन आला की मला आधी तो आठवतो. भाऊ म्हणून मोकळेपणाने बोलता येत नाही."

मी त्याच्या ताटात आणखी भात वाढला.

साहेब अजून तिथेच आहेत. लिफ्टमध्ये भेटले की "काय सिस्टर, कसं काय" म्हणतात. गणपतीत आरतीनंतर प्रसाद वाटताना माझ्या हातावर मोदक ठेवत म्हणाले, "अजून रागावलाय का आमच्यावर?" बाजूला माणसं होती, त्यांना वाटलं मी हसून सोडून देईन.

मी म्हटलं, "हो."

त्यांनी पुढच्याच्या हातावर मोदक ठेवला. पुढे एक नवीन जोडपं उभं होतं, नाशिकचं, नुकतंच आलेलं. साहेबांनी त्या मुलाला विचारलं, "आडनाव काय म्हणालात?"